वेग रोस्टरवर ठरतो

जानेवारी उजाडला की चाकणच्या कारखान्यांपासून हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींपर्यंत गेटागेटांवर फ्लेक्स झळकतात. ११ ते १७ जानेवारी हा राष्ट्रीय रस्ता सुरक्षा सप्ताह. हल्ली त्याचा महिनाच झालाय. कंपनीच्या बसचे, कॅबचे, मालाच्या टेम्पोचे ड्रायव्हर कँटीनमध्ये आणून बसवले जातात. आरटीओचे निरीक्षक भाषण करतात, डोळे तपासले जातात, हात पुढे करून शपथ होते, मग समोसा आणि चहा. मागच्या रांगेतले निम्मे जण तोवर डुलक्या काढत असतात. त्यांच्याकडे बघून व्यासपीठावरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "यांना स्वतःच्या जिवाचीच किंमत नाही, तिथे आपण काय करणार?"

रात्रपाळीच्या लोकांना घरी सोडून थेट कार्यक्रमाला आलेला माणूस आणखी काय करणार? त्याच्या डुलकीची नोंद कुणी घेतली आणि ती रोस्टरशी, म्हणजे ड्युट्यांच्या वेळापत्रकाशी, ताडून पाहिली, तर तासभराच्या भाषणापेक्षा जास्त उपयोग होईल. पण हजेरीच्या कागदावर फक्त सही असते.

या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. त्या निमित्ताने एखाद्याला चष्मा लागतो, एखाद्याचा रक्तदाब कळतो, हेही थोडं नव्हे. माझं म्हणणं वेगळं आहे. कंपनीची गाडी किती वेगात पळणार आणि तिचे टायर कधी बदलले जाणार, या दोन्ही गोष्टी बव्हंशी ड्रायव्हरच्या सीटवर ठरतच नाहीत. पहिली ठरते ट्रान्स्पोर्ट डेस्कच्या रोस्टरवर आणि दुसरी बिलं पास करणाऱ्या टेबलावर. निर्णय तिथले आणि प्रबोधन ड्रायव्हरचं, म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हे कायद्याला मात्र केव्हाच कळलेलं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगमर्यादा मोडण्याबद्दलचं. त्यात गाडी चालवणाऱ्याच्या बरोबरीने, आपल्या नोकरीतल्या किंवा हाताखालच्या माणसाला तशी गाडी चालवायला लावणाराही दोषी धरलाय. पुढे त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. समजा, एखादं वेळापत्रक प्रसिद्ध केलं किंवा अमुक वेळात पोचायचंच असा हुकूम काढला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय त्या वेळात पोचणं शक्य नाही असं न्यायालयाचं मत झालं. तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूमच तो काढणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. वाहतुकीचं काम बघणाऱ्या ओळखीच्या लोकांना मी ही ओळ दाखवतो, तेव्हा बहुतेकांनी ती पहिल्यांदाच वाचलेली असते. पोलीस ठाण्यात तरी ती कितीदा उघडली जात असेल, शंकाच आहे.

आता अशी वेळापत्रकं बनतात कशी ते पाहा. हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमध्ये सकाळच्या शिफ्टला लोक पोचवायचे असतात. रोस्टर करणारा मुलगा भर दुपारी एसीत बसून नकाशावर अंतर बघतो, त्यावर दहा मिनिटं टाकतो आणि पिकअपच्या वेळा लावतो. भूमकर चौकातली साडेआठची अवस्था त्या नकाशाला दुपारी कुठून दिसणार? चार पिकअप असतील तर एक जण खाली यायला सात मिनिटं लावतोच. तो उशीर रोस्टरमध्ये नसतो. तो भरून काढायचा असतो शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये. लॉगिनला उशीर झाला की गाड्या पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या, म्हणजे व्हेंडरच्या, बिलातून कपात, आणि व्हेंडर ती ड्रायव्हरच्या पगारातून वळती करतो.

आणि त्याच वेळी फोन वाजतो. "कुठे पोचलास?" "साहेब, वाकडच्या पुलाखाली आहे, पाच मिनिटांत येतो." फोन कंपनीच्याच डेस्कवरून आलेला असतो. नाही उचलला तर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असा शेरा आणि उचलताना कॅमेऱ्यात सापडला तर चलन. ते चलन अर्थातच ड्रायव्हरने भरायचं. गाडीत जीपीएस आहे, ती कुठे आहे हे डेस्कवरच्या पडद्यावर दिसतंय, तरी विचारायचं. कारण विचारलं की काम केल्यासारखं वाटतं. गाडी चालू असताना डेस्कने फोन करायचा नाही, एवढा एक नियम कंपन्यांनी पाळला तर मोबाइलवरची अर्धी भाषणं वाचतील.

विमानतळाची ड्युटी याहून वाईट. मुंबईहून पहाटेचं विमान असलं की पुण्यातून रात्री दीडच्या सुमारास निघायचं. पाठवला जातो तो बहुधा अकरा वाजता दुसऱ्या पाळीची मंडळी सोडून मोकळा झालेला ड्रायव्हर. मधल्या दोन-अडीच तासांत जेवायचं, गाडी पुसायची, डिझेल भरायचं. पहाटे दोन ते पाच ही वेळ शरीराला झोपेकडे ओढणारी, हे कुणाही डॉक्टरला विचारा. मग उशीर झालाय म्हणून वेग वाढतो. त्यातून किती वेळ वाचतो? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. ताशी १०० ने तो सबंध कापला तर साधारण ५७ मिनिटं लागतील, १२० ने ४७. घाटात दोन्ही आकडे लागू नाहीत, म्हणजे प्रत्यक्षातला फायदा दहा मिनिटांहूनही कमी. तेवढी मिनिटं निघताना देता आली असती. पण आणखी दहा मिनिटं आधी उठायचं म्हणजे साहेबांना त्रास.

साहेब मागे झोपलेले असतात, बहुधा पट्टा न लावता. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. दंड आहे, नियम आहे. पण "सर, पट्टा लावा, मगच निघतो" असं म्हणायची हिंमत किती ड्रायव्हरांना होते? म्हटलंच तर दुसऱ्या दिवशी व्हेंडरला निरोप येतो, "तो ड्रायव्हर जरा उद्धट आहे, बदलून द्या."

कामाच्या तासांचं काय, असा प्रश्न कुणी विचारेल. तासांचाही कायदा जुना आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवून दिलं. सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती दिलीच पाहिजे, आणि मधल्या सुट्ट्या धरून सगळी ड्युटी १२ तासांपलीकडे पसरता कामा नये, हेही त्यात आलं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. मूळ कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता, आणि पळवाट तिथेच निघाली. मोठी कंपनी एका व्हेंडरला काम देते, तो चार छोट्या व्हेंडरांना वाटतो आणि त्यांच्याकडे गाड्या लावलेल्या असतात स्वतःच मालक असलेल्या ड्रायव्हरांनी. गाडीचा हप्ता त्याच्या डोक्यावर. तो कागदोपत्री कुणाचाच नोकर नाही, त्यामुळे त्याचे तास कुणीच मोजायचे नाहीत. महिन्याचा हप्ता सुटावा म्हणून तो दिवसा एका कंपनीच्या आणि रात्री दुसऱ्या कंपनीच्या ट्रिपा मारतो. दोन्ही कंपन्यांच्या फाइलमध्ये त्याचे आठ-आठ तासच भरतात. युरोपात सलग साडेचार तास ट्रक चालवला की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि ते गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या नोंदयंत्रावर नोंदलं जातं. आपल्या व्यावसायिक गाड्यांमध्ये जीपीएस बसलेत, पण त्यातून गाडीचे तास कळतात, माणसाचे नाहीत.

पगाराची पद्धत हा याच्याही खालचा थर. ट्रिपमागे पैसे असले की थांबणं म्हणजे तोटा. आणि मालाच्या गाड्यांमध्ये तर ट्रिपचा खर्च ठोक हातात देतात. त्यातलं डिझेल वाचलं तर ते पैसे ड्रायव्हरचे. मालकाला वाटतं, चोरी थांबली. याची दुसरी बाजू बघायची असेल तर पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघावा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड गाडीचा ताबा सुटला आणि पुढच्या ४८ गाड्यांचं नुकसान झालं. आधी सगळे ब्रेक फेल म्हणाले. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं ते असं, की डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती.

यात नेमकं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद, म्हणजे टाकीत जेवढी हवा उरली तेवढीच. पाय दाबत गेलं की ती संपत जाते. स्टिअरिंग जड होतं, कारण त्यालाही इंजिनची मदत लागते. गिअर नसल्याने इंजिन गाडीला मागे ओढत नाही, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर तापले की पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे कोणताही जुना ड्रायव्हर पोराला पहिल्याच घाटात शिकवतो. उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्याला हे माहीत नसतं असं मला वाटत नाही. त्याला हेही माहीत असतं की या उतारावर वाचलेलं डिझेल संध्याकाळच्या जेवणाला पुरेल. रोज शेकडो गाड्या तशाच उतरतात आणि सुखरूप खाली पोचतात, म्हणून सवय पक्की होते. तिथे 'उतारावर न्यूट्रल करू नका' असे फलक लावून झाले. डिझेलचा हिशेब मात्र होता तसाच आहे.

गाडीच्या निगराणीचीही कथा याच वळणाची. जवळजवळ प्रत्येक कंपनीत ड्रायव्हरने सकाळी भरायची चेकलिस्ट असते: हवा, ऑइल, कूलंट, ब्रेक, लाइट, वायपर, स्टेपनी, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी. मी असे कागद पाहिलेत ज्यात सोमवारी एकाच पेनाने शनिवारपर्यंतच्या बरोबरच्या खुणा करून ठेवलेल्या आहेत, वायपरच्या रकान्यातसुद्धा; आणि गाडीच्या डाव्या वायपरचं रबर लोंबत होतं. याला ड्रायव्हरचा आळस म्हणणं सोपं. त्याला विचारलं तर तो सांगतो, "दादा, पहिले दोन महिने खरं लिहिलं. मग व्हेंडर म्हणाला, तू लिहितोस म्हणून माझी गाडी बाहेर बसवतात, आता लिहू नकोस." खरं लिहिलं की गाडी उभी राहते, गाडी उभी राहिली की त्या दिवसाचे पैसे बुडतात आणि बुडतात ते लिहिणाऱ्याचेच. अशा ठिकाणी खोटं लिहिणं हा शहाणपणा ठरतो.

टायरचं उदाहरण घ्या, कारण ते उघड्या डोळ्यांना दिसतं. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. तिथून सरळ वर खाचेत बोट घातलं की तळाशी रबराचा छोटा उंचवटा लागतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला भिडली की १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. कडेलाच लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला माल. हे समजायला कुठलंही प्रशिक्षण लागत नाही, पाच मिनिटं लागतात. प्रत्येक ड्रायव्हरला ते येतंही. टायर गोटा झालाय हे तो लांबून सांगेल. पण नवीन टायरची जोडी टाकायची की जुन्यावरच नवं रबर चढवलेल्या रिमोल्डवर भागवायचं, हे तो ठरवत नाही. व्यावसायिक गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि पुढे वर्षातून एकदा घ्यावं लागतं. दोन तपासण्यांच्या मधे कंपनीची गाडी इतकी पळते की टायरचा एक संच जन्माला येऊन मरूही शकतो. आरटीओच्या दारात उसने टायर चढवून नेणारे महाभागही आहेतच.

प्रशिक्षणाबद्दल बोलायचं तर डिसेंबर २०२४ मधला कुर्ल्याचा अपघात आठवावा लागतो. ९ तारखेच्या रात्री बेस्टची भाडेतत्त्वावरची विद्युत बस गर्दीत घुसली आणि माणसं चिरडली गेली. चालक गजाआड गेला. नंतर जे बाहेर आलं ते असं, की आयुष्यभर क्लच-गिअरच्या गाड्या चालवलेल्या माणसाला मोठी स्वयंचलित बस अगदी अपुऱ्या सरावावर दिली होती. क्लच नसलेली, इंजिनचा आवाज नसलेली, पाय ठेवताच झेप घेणारी गाडी. बस एकाची, चालक दुसऱ्याचा, मार्ग तिसऱ्याचा. सराव पुरेसा झाला असं लिहून देणारी सही नेमकी कुणाची असते, हा प्रश्न विद्युत गाड्या घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने स्वतःला विचारायला हवा. कर्मचाऱ्यांच्या वाहतुकीत या गाड्या झपाट्याने येताहेत आणि तिथलं प्रशिक्षण बऱ्याचदा शोरूममधल्या मुलाने दिलेल्या एका चकरेवर संपतं.

कंपन्या यात लक्ष का घालत नाहीत? वाईट आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या खिशाला झळच लागत नाही. अपघातात तिसऱ्या माणसाचा जीव गेला तर भरपाई विमा कंपनी देते. त्या थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवून देतं. वर्षानुवर्षं एकही अपघात न केलेल्या ताफ्याला आणि दर महिन्याला कुणाला तरी ठोकणाऱ्या ताफ्याला तो सारखाच. नो क्लेम बोनस मिळतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. तुरुंगाची भीती ड्रायव्हरला. जानेवारी २०२४ मध्ये, अपघात करून पळणाऱ्या चालकासाठी नव्या न्याय संहितेत ठेवलेल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभरच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारने ती तरतूद तूर्त थांबवली. त्या चार दिवसांच्या चर्चेत शिक्षा किती असावी यावर रकाने भरले. वेळ कुणी ठरवून दिली होती, यावर फारसं कुणी बोललं नाही. सरकारी अहवालही तसेच. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या खात्यावर मांडले गेले. अतिवेग का, याला रकाना नाही.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. चालकही काही साधुसंत नाहीत. रील बघत गाडी हाकणारे आहेत, रात्री 'थोडी' घेऊन पहाटे गाडी काढणारे आहेत, उलट्या बाजूने येणं हा हक्क समजणारे आहेत. अशांना कामावरून काढलंच पाहिजे, त्यात दयामाया नको. पण ज्या कंपनीत रोस्टर माणसाला झेपणारं आहे तिथेच अशा माणसाला वेगळा काढता येतो. जिथे सगळेच पळताहेत, सगळेच पेंगताहेत, तिथे बेफिकीर कोण आणि दमलेला कोण हे कळणार कसं? डॅशबोर्डवरचा कॅमेरा जांभई मोजतो आणि ड्रायव्हरचे गुण कापतो. त्या जांभयांची बेरीज करून रोस्टर करणाऱ्याचे गुण कापणारी कंपनी अजून माझ्या पाहण्यात नाही. हार्ड ब्रेकिंगचंही तेच. समोर रिक्षा आडवी आली म्हणून कचकन ब्रेक मारून जीव वाचवणाऱ्याचे गुण कमी होतात, आणि मग पुढच्या वेळी तो ब्रेक मारायला क्षणभर कचरतो.

खर्चाचा आक्षेप दुसरा. कंत्राट सर्वांत कमी दर भरणाऱ्याला जातं आणि किलोमीटरच्या दरातच टायर, ब्रेक, पगार सगळं कोंबलेलं असतं. मग व्हेंडर जिथे दिसत नाही तिथे वाचवतो. यावर उपाय अवघड नाही: टायर-ब्रेकचा खर्च दरातून बाहेर काढून कंपनीने बिल दाखवल्यावर वेगळा द्यावा, आणि चालकाचा पगार तासांवर ठरवून तो खात्यात जमा झाल्याचा पुरावा मागावा. पीएफचे चलन मागता, तसंच हे. दर थोडा वाढेल. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक सहलीवरचा खर्च जी कंपनी डोळे झाकून करते, तिला हा जड जाईल असं मी मानत नाही.

सगळ्यांत आधी हवा तो गाडी उभी करण्याचा अधिकार. ब्रेक ओढतोय, झोप झालेली नाही, टायर संपलाय, यांपैकी काहीही सांगून ड्रायव्हरने ट्रिप नाकारली तर त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, ही एक ओळ कंत्राटात यावी. गैरफायदा घेणारे निघतील. त्यांना मेकॅनिक दुपारपर्यंत पकडेल. एसटीची आज कितीही दैना असो, खिळखिळ्या गाड्यांबद्दल तिला कितीही बोल लावा, पण आगारात यांत्रिकी कर्मचाऱ्यासमोर गाडी उभी करून "ब्रेक बघा, मग नेतो" म्हणणारा चालक तिथे अजून आहे, मुक्कामी झोपायला विश्रांतीगृह आहे, भले त्यातला पंखा कुरकुरत असेल. विनाअपघात सेवेची वर्षं मोजून बिल्ला देऊन सत्कारही होतो. हिंजवडीत कोट्यवधींच्या इमारती आहेत आणि त्यांच्या बाहेर दोन शिफ्टच्या मधे ड्रायव्हर सीट मागे पाडून, खिडकीला टॉवेल लावून उन्हात पडलेले असतात. दहा खाटा, एक पंखा आणि एक न्हाणीघर एवढी जागा त्या पार्किंगमध्ये निघत नाही?

आणि पोलिसांकडे एक मागणी. कंपनीच्या किंवा कंपनीसाठी लावलेल्या गाडीचा अपघात झाला की आज गाडी जप्त होते, लायसन्स जप्त होतं, ड्रायव्हरच्या रक्ताचा नमुना जातो. त्याच पंचनाम्यात मागच्या सात दिवसांचं रोस्टर, डेस्कवरून त्याला गेलेल्या फोनची यादी आणि गाडीच्या शेवटच्या दुरुस्तीचं बिल मागून घ्यावं. नवीन कायद्याची गरज नाही, कलम १८३ पुरेसं आहे. एका जिल्ह्यात एकदा जरी रोस्टरवर सही करणाऱ्याला जबाब द्यायला बोलावलं, तरी पुढच्या सोमवारपासून किती कंपन्यांच्या पिकअपच्या वेळा पंधरा मिनिटांनी अलीकडे सरकतील ते बघा.